पूर्वपरीक्षा : पहिला दरवाजा

[आपल्या शहराचा आयुक्त कोण होतो? जिल्हाधिकारी कसा निवडला जातो? त्यासाठीच्या परीक्षेची पहिली पायरी म्हणजे पूर्वपरीक्षा. तिची ओळख या पाठात करून दिली आहे.]

थेरगाव हे पवना नदीच्या काठी वसलेले जुने गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. आपल्या घरातील नळाला येणारे पाणी मावळातील पवना धरणातून नदीत सोडले जाते. रावेत येथे ते उचलतात, शुद्ध करतात आणि मग घरोघरी पोहोचवतात. हे पाणी, रस्ते, दिवाबत्ती, शाळा या सर्वांचा कारभार पाहणारा प्रमुख अधिकारी म्हणजे महापालिका आयुक्त.

२०२१ ते २०२२ या काळात राजेश पाटील हे आपल्या शहराचे आयुक्त होते. ते जळगाव जिल्ह्यातील ताडे या खेड्यात वाढले. घरची गरिबी होती. लहानपणी त्यांनी शेतात मजुरी केली. पुढे ते २००५ साली भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाले. ‘ताई! मी कलेक्टर व्हयनू’ या पुस्तकात त्यांनी आपला प्रवास सांगितला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, असे अधिकारी निवडण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी नागरी सेवा परीक्षा घेतो. तिचे तीन टप्पे आहेत : पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. लाखो उमेदवार अर्ज करतात, जागा मात्र साधारण हजाराच्या आसपास असतात. इतक्या सर्वांच्या लांबलचक उत्तरपत्रिका तपासणे अवघड. म्हणून १९७९ पासून पूर्वपरीक्षा सुरू झाली. ती चाळणीसारखी आहे. जागांच्या सुमारे बारा-तेरा पट उमेदवार तिच्यातून पुढे जातात. तिचे गुण शेवटच्या निकालात धरले जात नाहीत. पण ती ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पूर्वपरीक्षेत एकाच दिवशी दोन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीला दोन तास व २०० गुण. पहिलीत १०० प्रश्न असतात. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि चालू घडामोडी हे तिचे विषय. दुसरीत ८० प्रश्न असतात. त्यांत उतारा वाचून समजणे, तर्क आणि शाळेतील गणित विचारतात. दुसरीत ३३ टक्के गुण मिळाले की पुरे. पुढे कोण जाणार, हे पहिलीच्या गुणांवर ठरते.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. योग्य पर्याय निवडायचा. हे सोपे वाटते. पण येथे एक मेख आहे. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. समजा, पहिल्या प्रश्नपत्रिकेत एकाने ८९ प्रश्न सोडवले. त्यांतील ५० बरोबर आले, ३९ चुकले. त्याला १०० गुण मिळाले, २६ वजा झाले, उरले ७४. दुसऱ्याने फक्त ६० प्रश्न सोडवले. ४८ बरोबर आले, १२ चुकले. त्याला ९६ गुण मिळाले, ८ वजा झाले, उरले ८८. कमी प्रश्न सोडवूनही दुसरा पुढे गेला! म्हणजे आपल्याला काय येते, याइतकेच काय येत नाही, हेही नीट ओळखता आले पाहिजे.

आता तुमच्या मनातला प्रश्न घेऊ. “आम्ही तर उर्दू माध्यमात शिकतो. ही परीक्षा आम्हाला जमेल का?” मुख्य परीक्षेतील बहुतेक उत्तरे उर्दूत किंवा मराठीत लिहिता येतात. उर्दू साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. मात्र पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तहसीलदार, उपजिल्हाधिकारी असे अधिकारी निवडले जातात. तिची पूर्वपरीक्षा मराठी आणि इंग्रजीत असते. म्हणजे पहिल्याच दरवाजावर भाषेची कडी आहे. ती उघडायची असेल, तर मराठीचा तास टाळून चालणार नाही.

ही कडी वाटते तितकी घट्ट नाही. जिल्हा, तालुका, तहसीलदार, अर्ज, वसूल हे कारभारातील शब्द तुम्ही उर्दूतही वाचले आहेत. फक्त अर्थाकडे लक्ष हवे. उर्दूत ‘दाखला’ म्हणजे शाळेतील प्रवेश. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र.

जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांचे उदाहरण पाहा. त्यांचे वडील रिक्षा चालवत. भावाने गॅरेजमध्ये काम करून घराला हातभार लावला. अन्सार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकले. २०१६ साली निकाल लागला, तेव्हा ते ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते. त्यांचे वय होते अवघे २१ वर्षे. या परीक्षेला बसण्यासाठी किमान वयही २१ वर्षेच लागते!

मग आज काय करावे? महागडी पुस्तके नकोत. सहावी ते दहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व विज्ञानाची पुस्तके जपून ठेवा. परीक्षेचा पाया तेथेच आहे. रोज अर्धा तास मराठी वर्तमानपत्र वाचा. नवा शब्द दिसला की वहीत मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहा. नकाशात नद्या शोधा. सुरुवात आपल्या पवनेपासून करा. बारावीनंतर कोणत्याही शाखेची पदवी घ्या. जुन्या प्रश्नपत्रिका तेव्हा घड्याळ लावून सोडवा.

सगळेच उमेदवार अधिकारी होत नाहीत. म्हणून दुसरा मार्गही हाताशी ठेवावा. परंतु या अभ्यासाने आपला देश समजतो, कायदा समजतो, हक्क आणि कर्तव्ये समजतात. ते ज्ञान वाया जात नाही.

स्वाध्याय
१. पूर्वपरीक्षेला चाळणी का म्हटले आहे?
२. एका उमेदवाराची ७० उत्तरे बरोबर आली व १५ चुकली. त्याला एकूण किती गुण मिळतील?
३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत का, ते लिहा.