अफूचा अंमल आणि आतड्याची सफाई

अफू, गर्द किंवा त्याच कुळातील वेदनाशामक गोळ्या यांच्या आहारी गेलेल्या मनुष्याचा मेंदू त्या द्रव्याला लवकरच सरावतो आणि म्हणून मात्रा वाढत जाते. आतडे मात्र फारसे सरावत नाही, आणि आरंभी जडलेला मलावरोध वर्षानुवर्षे बिऱ्हाड हलवीत नाही. आतड्याच्या भित्तीतील मज्जातंतूंच्या जाळ्यावर ‘म्यू’ नामक ग्राही असतात. त्यांच्यावर या द्रव्यांचा अंमल बसला, की मळ पुढे ढकलणारी लाट मंदावते, जागच्या जागी आवळणे वाढते, स्राव घटतात, आणि रेंगाळलेल्या मळातील पाणी मोठे आतडे शोषीत राहते. (अहिफेन, म्हणजेच अफू, अतिसारावर दिले जाई ते याच गुणामुळे; जुलाबावरची आजची लोपेरामाइडची गोळीही याच गोत्रातली.)

अशा रुग्णाची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली, म्हणजे १९८० साली फोर्डट्रान व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे खारट द्रावण, चार लिटरपर्यंत, अर्धे आदल्या सायंकाळी व अर्धे तपासणीच्या चार-सहा तास आधी पाजावयाचे, हा सर्वसाधारण दस्तूर पुष्कळदा अपुरा पडतो. मळाचा थर, विशेषतः उजव्या बाजूस, राहून जातो, आणि त्याखाली काही मिलिमीटरांची चपटी गाठ सहज दडते. शौचास पिवळसर, नितळ पाणी होऊ लागले तरच तयारी झाली. तपकिरी, कण असलेले पाणी पडत असेल तर नाही.

म्हणून बंदोबस्त काही दिवस आधीपासूनच हवा: कडधान्ये, पालेभाज्या, बियांची फळे वर्ज्य, आणि रेचकाची जोड. आपल्याकडे घरोघरी विश्वासाचे असलेले इसबगोल येथे मुळीच कामाचे नाही, कारण लाटच मंद असता मळाचे आकारमान वाढून अडचणीत भर पडते. मेंदूत फारसे न शिरता आतड्यातील ग्राहींवरून अफू हटविणारे मेथिलनाल्ट्रेक्सोनही २००८ पासून अमेरिकेत मंजूर आहे. ते द्यावे की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा.

नशा तोडली की जुलाब होतात, तेव्हा व्यसनावरील उपचार म्हणून चालू असलेला मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिनचा रोजचा डोस चुकविला तर सफाई आपोआप होईल, असा हिशेब कुणी शहाणा करील. परंतु त्या पोटशुळात व वांत्यांत चार लिटर द्रावण पोटात ठरणार कसे, आणि बेचैन रुग्ण पुन्हा गर्दाकडे वळला तर काय? तो डोस, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, तपासणीच्या सकाळीही चालू राहावा. आणि व्यसनाची माहिती केसपेपरवर असावीच, कारण गुंगीसाठी त्याच कुळातील फेंटानिल द्यावयाचे झाल्यास नेहमीची मात्रा अशा रुग्णास बहुधा पुरत नाही, हे भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक हवे.