पाऊल सर्वांत धाकट्याचे

उज्जैन नगरीच्या उत्तरेस, क्षिप्रा नदीच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. काळभैरवाचे जुने देऊळ तेथेच आहे आणि लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या छिपा कारागिरांमुळे तेथील चादरी व रजया दूरवर प्रसिद्ध आहेत. एप्रिलच्या अखेरीस अथवा मे महिन्याच्या आरंभी, माळव्याचे ऊन अंगाची लाही लाही करीत असता, या परिसरात एक विलक्षण दृश्य दृष्टीस पडते. हजारो माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन पायी चाललेली असतात. त्यांत आजीबाई असतात, कडेवर मूल घेतलेल्या माता असतात आणि बापाचे बोट धरून चालणारी पोरेही असतात.

ही पंचक्रोशीची यात्रा होय. उत्तरेकडील गणनेप्रमाणे वैशाख वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत ती चालते. आपल्या महाराष्ट्रातील पंचांगात तो चैत्र वद्य पक्ष असतो. उज्जैनच्या चार दिशांना पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर व दुर्दरेश्वर ही चार स्थाने आहेत. त्यांना वळसा घालणारी ही वाट सुमारे ११८ किलोमीटरांची असून यात्रेकरू ती पाच दिवसांत पुरी करतात.

वाचकहो, त्या यात्रेकरूंची उपासना ती त्यांची आहे आणि आपली आपली आहे. परंतु अवघे कुटुंब घेऊन, शिधा व अंथरूण बरोबर वाहून, कित्येक दिवस पायी प्रवास कसा करावा, हे शिकायचे असेल तर त्या साध्या शेतकरी कुटुंबांसारखे गुरू मिळणे कठीण. अलीकडे आपल्याही गावांतील अनेक कुटुंबे नाताळच्या वा दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह सह्याद्रीत भटकंतीस जाऊ लागली आहेत. ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु हौस पुष्कळ आणि तयारी थोडी, असे जेथे होते तेथे आनंदाचे दुःखात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. यास्तव या विषयाचा थोडा विचार करू या.

रूढीने आखलेली वाट

पंचक्रोशीच्या यात्रेकरूला आराखडा करावा लागत नाही, कारण तो त्याच्या पूर्वजांनीच करून ठेवलेला आहे. मुक्काम ठरलेले, पाण्याच्या जागा ठाऊक, सावलीची झाडे ओळखीची. पहाटेच्या अंधारात चालू लागावे, ऊन चढले की थांबावे, मुक्कामी गोवऱ्यांवर बाट्या भाजून वरणाशी खाव्यात आणि निजावे, हा क्रम घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुढच्या पिढीला मिळतो. कोणी थकला तर शेजारी हजार माणसे असतात. वाट चुकण्याचा तर प्रश्नच नाही.

अनोळखी डोंगरात यांपैकी काहीही नसते. झरा डिसेंबरात वाहतो की आटतो, हे आपणांस ठाऊक नसते. दोन पायवाटा फुटतात, त्यांतील एक गावाकडे जाते आणि दुसरी केवळ गुरांच्या चरणीपर्यंत. उज्जैनच्या कुटुंबाला जे शतकांची रूढी देते, ते आपल्याला चार संध्याकाळी घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन मिळवावे लागते. आराखडा म्हणजे भित्रेपणा नव्हे. जी ओळख आपणांस वारशाने लाभली नाही, ती कष्टाने मिळवणे होय.

वेळेचा हिशेब

पहिली चूक होते ती अंतराच्या बाबतीत. पंचक्रोशीत दिवसाला सरासरी तेवीस-चोवीस किलोमीटर चालणे होते, ते सपाट माळव्यात. तोच आकडा डोंगरात धरला तर घात होईल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा ठोकताळा सांगितला, तो आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर चालीस एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. म्हणजे नऊ किलोमीटरांच्या वाटेवर सहाशे मीटर चढ असेल तर सुमारे पावणेतीन तास लागतील. परंतु हा हिशेब धडधाकट प्रौढाचा, विश्रांतीचा वेळ न धरता केलेला आहे. सात वर्षांचे मूल व साठीची आजी बरोबर असता तो दुप्पट करावा. साडेपाच तास धरले की मुलाला फुलपाखरू पाहण्यास वेळ मिळतो, आणि बापाला त्याच्यावर ओरडावे लागत नाही.

चाल ठरवायची ती सर्वांत जोरकस माणसाच्या पावलाने नव्हे, तर सर्वांत धाकट्याच्या पावलाने. हे एक सूत्र ध्यानी ठेवले तर निम्मा आराखडा आपोआप होतो. दिवस किती लांब करावा, ओझे किती घ्यावे, कोठे थांबावे, या सर्व प्रश्नांचे उत्तर घरातील त्या एका लहान जिवाकडे पाहून मिळते.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने तीन दिवसांहून अधिक बेत करू नये. उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगड घ्या. त्याची उंची सुमारे १,४२४ मीटर आहे. पाचनई गावाकडून जाणारी वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. खिरेश्वराकडून तोलार खिंडीमार्गे येणारी अधिक लांब व दमवणारी. आणि नळीची वाट तर कसलेल्या गिर्यारोहकांसाठीच आहे, मुलांना घेऊन तिकडे पाऊलही टाकू नये. नाव एकाच गडाचे, परंतु वाटेवाटेत केवढा फरक! म्हणून “अमक्या गडावर जाऊ” असा बेत अपुरा असतो. “अमक्या गावाहून, अमक्या वाटेने” असा तो असावा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पायथ्याचे गाव गाठून तेथेच मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी उजाडताच चढावे, आणि तिसरा दिवस उतरण्यास व अडीअडचणीस मोकळा ठेवावा. हा सर्व प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. रात्री वर राहता येईल की नाही, चूल पेटवता येईल की नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्यावे व तेथील नियम निमूटपणे पाळावेत.

पायथ्याच्या गावातून एक वाटाड्या अवश्य घ्यावा. त्याला द्यावे लागणारे पैसे हा खर्च नव्हे. झरा कोठे आहे, मधमाश्यांचे आग्या मोहोळ कोणत्या कड्याला लटकले आहे, ढग कोणत्या बाजूने आले म्हणजे उतरावे, हे त्याच्याइतके कोणताही नकाशा सांगणार नाही. त्याच्याच घरी भाकरी-पिठल्याचे जेवण सांगितले तर आपले ओझे कमी होते आणि त्या कुटुंबालाही चार पैसे मिळतात.

पाठीवरचे ओझे

यात्रेकरूचे गाठोडे आपण नीट पाहिले तर त्यात फारसे काही नसते. पीठ, डाळ, मीठ, एक भांडे, एक लोटा, नेसायचे एक वस्त्र आणि अंथरण्याची चादर. जे पाच दिवस डोक्यावर वाहायचे आहे, त्याची पारख डोकेच करते. आपणही हीच रीत पाळावी. प्रौढाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये. मुलाला त्याचे पाणी, खाऊ व स्वेटर एवढेच द्यावे.

ओझ्यात सर्वांत जड असते ते पाणी, आणि तेच कमी करता येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चढाच्या दिवशी प्रत्येक मोठ्या माणसास तीन ते चार लिटर लागते, म्हणून वाटेत भरून घेण्याची जागा आधीच ठाऊक हवी. झऱ्याचे पाणी उकळून अथवा औषधाच्या गोळ्या टाकून मगच प्यावे. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. उंचीवर थंडी किती असेल याचाही अंदाज घ्यावा. दर हजार मीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर समुद्रकाठच्या आपल्या गावापेक्षा सुमारे दहा अंश अधिक गारठा, आणि वर बोचरा वारा. नवे बूट घालून कधीही निघू नये. महिनाभर आधी ते पायात रुळवावेत. त्याच महिन्यात दर रविवारी मिस्सेनंतर सर्वांनी मिळून, पाठीवर ओझे घेऊन, दोन तास चालून पाहावे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचा पट्टा काचतो, हे गावाच्या वेशीवर कळलेले बरे.

मागे फिरण्याचे धैर्य

३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत एक स्त्री होती आणि चार मुले होती. माणसे पाण्याच्या मध्यभागी उभी असता प्रवाह वाढत गेला, आणि एकमेकांना घट्ट धरूनही त्यांना उभे राहता आले नाही. त्या कुटुंबास दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही. सहलीला गेलेले कोणतेही कुटुंब त्या जागी असू शकले असते. परंतु त्यांच्या मृत्यूपासून शिकणे हे मात्र आपले कर्तव्य आहे. डोंगरातील ओढा आपल्या डोक्यावरील पावसाने वाढत नाही. वर, दृष्टीआड कोसळलेल्या पावसाने वाढतो. येथे ऊन पडले असले तरी पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली, की क्षणाचाही विलंब न लावता काठावर यावे. मुलांसह अनोळखी डोंगरात जायचे ते पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळातच.

निघण्यापूर्वीच घरात बसून एक वेळ ठरवावी: दुपारचे बारा वाजले की, माथा समोर दिसत असला तरी, मागे फिरायचे. हा निर्णय घरी करावा, डोंगरावर नव्हे. कारण डोंगरावर माथा बोलावीत असतो आणि माणसाचे शहाणपण थकलेले असते.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पोप अकरावे पायस हे धर्मगुरू आकिल्ले रात्ती म्हणून ओळखले जात होते तेव्हा नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली मोंते रोझा पर्वताच्या पूर्वेकडील भयंकर कड्याने ते वर गेले. परंतु अंधार पडल्यावर त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पुढे पाऊल टाकले नाही. शिखराजवळील उघड्या खडकावर, कडाक्याच्या थंडीत, झोप न घेता त्यांनी रात्र काढली व उजाडल्यावर वाट धरली. पुढे १९२३ साली याच पोपमहाशयांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ज्याला डोंगर खरोखर ठाऊक असतो, तो थांबायलाही शिकलेला असतो.

नाझरेथच्या कुटुंबाचा प्रवास

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. वल्हांडणाचा सण आटोपून पवित्र मरिया व संत योसेफ यरुशलेमहून परत निघाली. बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळींत असेल, असे समजून ती एक दिवसाची वाट चालून गेली. मग शोधाशोध झाली, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. या प्रसंगाचा गूढ अर्थ धर्मगुरू आपणांस समजावून सांगतात. परंतु वाटसरू आईबापांसाठी त्यात एक साधा इशाराही आहे. जेथे नातलग पुष्कळ असतात, तेथेच “तो त्यांच्याबरोबर असेल” असे प्रत्येकाला वाटते. मूल नजरेआड झाल्याचे पवित्र मातेलाही लगेच उमगले नाही, तेथे आपली काय कथा!

म्हणून दर विसाव्याला माणसे मोजावीत. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, मुले मधोमध. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी, आणि त्याला पढवून ठेवावे: चुकलास तर जागेवरून हलू नकोस, शिट्टी वाजवीत राहा, आम्ही येतो. खोल दऱ्यांत मोबाईल लागत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार, कोठे राहणार, केव्हा परतणार, हे कागदावर लिहून घरच्या एका जबाबदार माणसापाशी ठेवावे. ठरल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर त्याने ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. प्रवासात रविवार येत असेल तर शनिवारी सायंकाळची मिस्सा कोठे मिळेल ते पाहावे, अथवा बेतच सोमवारी सुरू करावा. रात्री मुक्कामी, दिवा मालवण्यापूर्वी, सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी. घरी अर्धी मंडळी कामात असतात. येथे मात्र सर्व जण एकत्र असतात.

उज्जैनच्या यात्रेकरूंची एक रीत सांगून हा लेख पुरा करतो. निघताना ते नगरातील नागचंद्रेश्वराच्या देवळात जाऊन चालण्यासाठी बळ मागून घेतात. परत आल्यावर तेथेच मातीचा घोडा अर्पण करून ते बळ परत करतात. घेतलेले बळ उसने होते, याची आठवण त्यात आहे. आपल्या मुलांचे चिमुकले पाय, आजीचा हळूहळू ओसरत चाललेला जोम, आपली स्वतःची पाठ, ही सर्व परमेश्वराने आपल्या हाती सोपवलेली ठेव होय. ती डोंगरावर घेऊन जावे, त्याची सृष्टी डोळे भरून पाहावी, आणि जशी नेली तशी सुखरूप घरी आणावी. माथा गाठला की नाही, हे मग कोणी विचारले नाही तरी चालेल.