खाटेपाशी आलेली सोनोग्राफी: काय विचारावे, काय समजून घ्यावे

रात्री घरातील ज्येष्ठांना अचानक धाप लागते. रुग्णालयात डॉक्टर एक लहानसे यंत्र आणतात, छातीवर जेल लावतात आणि फुप्फुसाभोवती पाणी साठले आहे का, हे काही मिनिटांत पाहतात. रुग्णाला खाटेवरून हलवावेही लागत नाही. वृद्धांसाठी ही मोठीच सोय आहे.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. ध्वनिलहरींच्या परावर्तनातून चित्र उमटते. तरीही आवश्यक तेवढीच तीव्रता आणि आवश्यक तेवढाच वेळ, हा नियम पाळायचा असतो. डोळ्याच्या तपासणीत तीव्रता आणखी कमी ठेवतात. प्रत्येक रुग्णानंतर प्रोब निर्जंतुक करणेही तितकेच आवश्यक आहे.

खरी जोखीम असते ती चित्राचा अर्थ लावण्यात. पाय सुजला असता डॉक्टर प्रोबने शीर दाबून पाहतात. ती दबली नाही, तर आत रक्ताची गुठळी असल्याचा संशय येतो. मात्र खाटेपाशी बहुधा जांघ आणि गुडघ्यामागचा भाग एवढेच तपासले जाते. पोटरीतील गुठळी त्यातून निसटू शकते. म्हणून ‘काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा घेऊ नये. सूज कायम राहिल्यास साधारण आठवडाभरात पुन्हा तपासणी किंवा संपूर्ण सोनोग्राफी करावी लागते.

ही नजर सरावानेच येते. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी साधारण २५ ते ५० सोनोग्राफी कराव्या लागतात आणि त्या जाणकारांकडून पडताळून घ्याव्या लागतात. हृदयाची तपासणी जमली म्हणून पायाची जमेलच, असे नाही.

आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि हलवता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावरही निर्बंध आहेत. त्यामुळे ‘यंत्र घरीच आणा’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

खाटेपाशी तपासणी झाल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: नेमके काय शोधत होता? कोणता भाग पाहिला नाही? संपूर्ण सोनोग्राफी केव्हा करावी? मिळालेली उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत. त्यानंतर धाप वाढली किंवा छातीत दुखू लागले, तर आधीच्या तपासणीवर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.