छंद फोटोचा, वाट आपल्या बांधावरची

आज आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावर पीक नोंदवण्यासाठी पिकात उभं राहून फोटो काढायची सवय शेतकऱ्याला लागली. गारपीट होवो की कालव्याचे पाणी शेतात शिरो, पहिला हात मोबाईलकडे जातो. ही झाली गरज. पण याच गरजेतून कित्येकांना फोटोचा छंद लागला आहे. वालचंदनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात प्लॉट पाहणीला गेलं, की पिकाच्या आधी मोबाईलमधले फोटो दाखवणारे शेतकरी भेटतात. यात बचत गटाच्या ताईही मागे नाहीत.

अडचण पुढे येते. चार-सहा महिने हौसेने फोटो काढल्यावर माणूस म्हणतो, "साहेब, आपले फोटो काही त्यांच्यासारखे येत नाहीत." आणि छंद तिथेच बंद पडतो. हे 'त्यांच्यासारखे' म्हणजे नेमके कोणासारखे? आणि आपले फोटो तसेच का यावेत? याचा जरा विचार करू.

गर्दीत उभे राहून वाट सापडत नाही

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. भिगवण, डिकसळ, कुंभारगावला पुण्या-मुंबईचे हौशी छायाचित्रकार पहाटेच होडीत बसलेले असतात. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा टिपायला तसेच लोक येतात. आषाढी वारीत बेलवाडीला तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण होते. अश्व धावत आला, की शेकडो मोबाईल एकदम वर होतात.

तिथे जाऊ नका असे मी म्हणत नाही. जरूर जा. पण हातभर लांबीच्या, लाखालाखाच्या लेन्सशी आपल्या मोबाईलने शर्यत लावली तर निकाल ठरलेलाच. बैलगाडीने मोटारीशी पैज लावावी तसे ते आहे. हरल्यावर आपण दोष देतो स्वतःच्या नजरेला, आणि तिथेच आपले चुकते. रिंगणातला घोडा सगळ्यांनाच दिसतो. पण वारकऱ्यांच्या पंगतीसाठी कोणत्या आळीत भाकरी थापायला बसतात, कोणत्या ओट्यावर थकलेल्या म्हाताऱ्या पाय पसरून टेकतात, हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक असते. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने तमाशाचे फड आणि वारी टिपली ती त्या माणसांबरोबर फिरून. आपण तर त्या माणसांतच राहतो.

वाटाणा आणि बर्फाचा कण

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले तेव्हा चित्रपट काढायला पुरेसे भांडवल जवळ नव्हते. त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि दाणा उगवून वेल वाढेपर्यंत नेमाने थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' ही ती छोटीशी फिल्म. ती पाहून पैसे गुंतवणारा माणूस भेटला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. विचार करा, भारतीय सिनेमाच्या मुळाशी एक रुजणारे बी आहे! बी रुजताना आपण शेतकरी दर हंगामात पाहतो. फाळक्यांनी ते थांबून पाहिले.

दुसरे उदाहरण साता समुद्रापलीकडचे, पण शेतकऱ्याचेच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटले हा माणूस गाईगुरे सांभाळून शेती करायचा. वडिलांना त्याचा फोटोचा नाद बिनकामाचा वाटे. त्याच्याकडे पडे तो बर्फ. बाकीचे लोक बर्फ फावड्याने बाजूला सारत. याने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बर्फाच्या एका कणाचा फोटो घेतला. पुढे हयातभर तो तेच करत राहिला. पाच हजारांहून अधिक फोटो काढले. १९३१ साली, त्याच्या मृत्यूच्या थोडेच आधी, त्यातल्या दोन हजारांहून अधिक फोटोंचे पुस्तक निघाले. हा माणूस विषय शोधायला कुठे लांब गेला नाही. जे अंगणात पडत होते तेच त्याने उचलले.

एक पीक, एक कॅमेरा

तेव्हा मंडळी, दिशा शोधायची सोपी रीत सांगतो. कॅमेरा नसता तरी आपण कुठे जाऊन दोन मिनिटं उभे राहिलो असतो, हे स्वतःला विचारा. कोणी गोठ्यात रमतो, कोणी पानमळ्यात, कोणी कारखान्याचा भोंगा झाल्यावर सायकली-मोटारसायकलींवरून परतणाऱ्या कामगारांकडे बघत राहतो. तोच तुमचा विषय. तो वर्षभर सोडू नका.

उसाचेच घ्या. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात असते. दोन डोळ्यांची टिपरी, जमीन फोडून वर आलेला कोंब, फुटवे, मोठी बांधणी, थंडीतला तुरा, तोड, पाचट आणि पुन्हा खोडव्याचा कोंब. ठरावीक जागेवरून दर पंधरा दिवसांनी एक फोटो घेतला तरी पुरे. सोबत तारीख, जात आणि त्या दिवशी केलेले काम लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी तुमच्या लक्षात येईल, की फोटो काढायच्या आधीच तुम्हाला कळते आहे आज काय दिसणार. आत्मविश्वास म्हणतात तो हाच. तो लाईक मोजून येत नाही, विषयाची ओळख पटली की येतो.

विस्ताराच्या कामात आमच्याकडे रोगट पानांचे फोटो सारखे येतात. ज्याला पीक कळते तो पान उलटून तांबेऱ्याचे ठिपके दाखवतो. ज्याला कळत नाही तो अख्ख्या शेताचा फोटो पाठवतो. मोबाईल दोघांचा सारखाच असतो!

हात बसण्यासाठी

लेन्स रोज सुती फडक्याने पुसा. धुळीचे, दुधाचे हात लागून निम्मे फोटो तिथेच धुरकट होतात. सकाळी आणि दिवस कलताना काढा. भर दुपारी टोपीच्या सावलीने चेहरा काळा पडतो. पान उन्हाच्या आड धरले तर शीर न् शीर उठून दिसते. झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जा. शंभर काढले तर दहा ठेवा, बाकी पुसून टाका. विरळणी केल्याशिवाय पीक जोमदार येत नाही, तसेच हे. ऊसतोड कामगारांचा, त्यांच्या लेकराबाळांचा फोटो घेण्याआधी विचारा आणि काढल्यावर त्यांना दाखवा. ते नको म्हणाले तर कॅमेरा खाली.

गावानेही पाठ थोपटावी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. येत्या २६ जानेवारीला गावातल्या हौशी मंडळींकडून प्रत्येकी एकच फोटो मागवा, कागदावर छापून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ओढ्याचा, बारवेचा, गावतळ्याचा फोटो दरवर्षी त्याच जागेवरून घेतला, तर दहा वर्षांनी पाण्याची चर्चा करताना तो दप्तराच्या उपयोगी पडेल. मोटेच्या विहिरी आणि जुनी गुऱ्हाळे आपल्या डोळ्यांदेखत गेली. त्यांचे फोटो किती घरांत सापडतील? बाहेरचा छायाचित्रकार रोहित टिपून संध्याकाळी परत जातो. आपल्या रानाचे वर्ष टिपायला तो येणार नाही. ते काम इथेच राहणाऱ्याचे आहे.

तेव्हा उद्या सकाळी पाणी द्यायला जाल, तेव्हा दारे धरायच्या आधी एक फोटो घ्या. पंधरा दिवसांनी त्याच जागेवर पुन्हा उभे राहा.