शेवंती का रुसली?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मुलांनी शाळेत शेवंतीच्या चाळीस कुंड्या लावल्या. इकडे नर्सरीत हिलाच गुलदाउदी म्हणतात. नोव्हेंबर संपत आला तरी फाटकाजवळच्या रांगेत एकही कळी दिसेना. तेव्हा आम्ही पालकांच्या वर्गणीतून जिबरेलिन असलेल्या औषधाची बाटली आणली आणि घाईपोटी लेबलवरच्या प्रमाणाच्या दुप्पट फवारली. रोपे उंच झाली, बारीक झाली, वाकली. फुले आली नाहीत. मुले हिरमुसली. चूक आमची होती, म्हणून तिचे कारणही आम्हीच सांगायला हवे.

संप्रेरक म्हणजे खत नव्हे. खताने झाडाचे पोषण होते. संप्रेरक हा झाडाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला दिलेला निरोप असतो. तो अगदी थोडा पुरतो. एक लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत 100 भाग, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. 1926 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी भाताच्या एका रोगाचा अभ्यास केला. त्यात रोपे भलतीच उंच होऊन आडवी पडत. जिबरेला नावाच्या बुरशीतून निघणाऱ्या पदार्थाने असे होते, हे त्यांनी दाखवले. त्यावरूनच पुढे जिबरेलिन हे नाव आले. आम्ही तोच रोग बाटलीतून आणला!

पण कळ्या का आल्या नाहीत? हिवाळ्यात फुलणारी शेवंती रात्र लांबली की कळी धरते. रात्रीची लांबी पाने ओळखतात आणि फुलण्याचा निरोप शेंड्याकडे पाठवतात. रशियन शास्त्रज्ञ चाइलाख्यान यांनी 1930 नंतरच्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून हे मांडले व त्या निरोपाला फ्लोरिजेन म्हटले. हा निरोप म्हणजे एफटी नावाचे प्रथिन, हे 2007 मध्ये दिसून आले. आमच्या फाटकावर दिवा रात्रभर जळतो. तेथील पानांना लांब रात्र कधी मिळालीच नाही. मागच्या अंधाऱ्या अंगणातील त्याच जातीची रोपे मात्र बहरली होती.

मग संप्रेरके निरुपयोगी का? मुळीच नाही. कलमाचे टोक आयबीए असलेल्या भुकटीत बुडवून लावले की मुळे लवकर फुटतात. आणि एक उपाय तर फुकटचा आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. पावसाळ्यात शेंडा एक-दोनदा खुडला की फांद्या फुटतात आणि तितकी फुले वाढतात. आमचे माळीबाबा हे नाव न घेताच वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

यंदा विश्वस्त मंडळाकडे औषधासाठी पैसे मागणार नाही. फाटकावरचा दिवा सुरक्षेसाठी राहील. सप्टेंबरपासून कुंड्याच मागच्या अंगणात जातील आणि कळ्या रंगू लागल्यावर परत येतील. पालकांनीही घरची शेवंती रुसली असेल तर बाटली आणण्याआधी रात्री एकदा गच्चीवर जाऊन पाहावे, की रस्त्याचा दिवा तिच्यावर तर पडत नाही ना?