बेड्यांतल्या हातांनी बांधलेले रस्ते

दर वर्षी २ नोव्हेंबरला आपण १८३४ सालापासून आलेल्या शर्तबंद मजुरांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्याही आधी, १८१५ पासून, हिंदुस्थानातले कैदी या बेटावर कामासाठी आणले जात होते. गव्हर्नर फार्कर यांना रस्ते हवे होते, आणि कैद्याइतका स्वस्त मजूर कुठे मिळणार? १८३७ पर्यंत बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे १५०० कैदी आले. मुंबई इलाखा म्हटल्यावर आपल्या बोलीची माणसेही त्यांत असणारच.

१८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरले, तेव्हा सुमारे ८०० कैदी सरकारी कामांवर राबत होते. त्यांतल्या पांढऱ्याशुभ्र दाढीच्या वृद्धांचा रुबाब पाहून ते थक्क झाले. सगळेच निरपराध होते असे नाही. कित्येक खुनी होते. उरलेल्यांची सुटका १८५३ मध्ये झाली.

गुन्ह्याची शिक्षा भोगावी, पण घामाचे मोल का बुडावे? हा प्रश्न भारतात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाची न्याय्य मजुरी मिळालीच पाहिजे, आणि तिचा काही भाग गुन्ह्याने पोळलेल्या कुटुंबासाठी राखावा, असे त्या न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले. तरीही अनेक तुरुंगांच्या नियमांत एकाच्या हाती झाडू आणि दुसऱ्याच्या हाती चूल, अशी जातीवार वाटणी राहिलीच होती. ती घटनाबाह्य ठरायला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.