साडेनऊ मूर्तिजापूर एवढा देश आणि त्याचे बँड

आइसलँड या देशाची लोकसंख्या २०२४च्या सुरुवातीला सुमारे ३ लाख ८४ हजार होती. २०११च्या जनगणनेत एकट्या अकोला शहराची लोकसंख्या ४ लाख २५ हजार भरली, अकोला जिल्ह्याची १८ लाख १३ हजार आणि मूर्तिजापूर शहराची साधारण ४० हजार. म्हणजे साडेनऊ मूर्तिजापूर एकत्र केली की एक आइसलँड होतो.

एवढ्याशा देशातून गायिका ब्योर्क आली, सिगुर रोस हा बँड आला. ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’चा पहिला अल्बम २०१२ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकावर पोचला. लेवे या तरुण गायिकेला २०२४ साली ग्रॅमी मिळाले. थंडी, अंधार, ज्वालामुखी अशी कारणे यासाठी हौसेने सांगितली जातात. मला ती पटत नाहीत. थंडी आणि अंधार इतर देशांतही आहेत.

खरे कारण शाळेत सापडते. संगीतशाळांना सार्वजनिक पैसा देण्याचा कायदा तिथे १९६३ साली झाला. आज शिक्षकांचा पगार मुख्यतः नगरपालिका देतात. उरलेल्या खर्चासाठी पालकांची फी असते. अशा शाळा देशभरात ८०हून अधिक आहेत, कोळ्यांच्या लहान गावांतसुद्धा. ब्योर्क सहाव्या वर्षी अशाच शाळेत जाऊ लागली आणि १९७७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड निघाली.

शाळेनंतर मंच लागतो. राजधानी रेक्याविकमध्ये १९८२पासून नव्या बँडची स्पर्धा भरते. ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ने ती २०१० साली जिंकली आणि दोनच वर्षांत वरचा सहावा क्रमांक गाठला. आपल्याकडे नाटकात हेच काम १९६३पासून पुरुषोत्तम करंडक करत आला आहे. त्याने मराठी रंगभूमीला किती माणसे दिली, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट जागा. रेक्याविकजवळ मॉसफेल्सबाइर नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम १३ हजार, मूर्तिजापूरच्या एक तृतीयांश. तिथे लोकरीची जुनी गिरणी होती आणि गिरणीच्या आवारात १९३०च्या दशकातला पोहण्याचा तलाव. तो तलाव वापरातून गेल्यावर सिगुर रोसने तिथे स्टुडिओ थाटला आणि २००२चा अल्बम तिथेच रेकॉर्ड केला. गाणी इंग्रजीत करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. ज्या आइसलँडिक भाषेत ते प्रामुख्याने गातात, तिचे बोलणारे चार लाखांच्या आत आहेत. मराठीचे २०११ साली ८ कोटी ३० लाख होते. ‘कालेओ’ हा बँडही मॉसफेल्सबाइरच्याच पोरांचा. त्यांचे एक गाणे २०१६ साली अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्टरनेटिव्ह यादीत पहिले आले.

तिथे लोकर, इथे कापूस. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे कापसासाठीच धावली. कापूस गेला तिथे जिनिंगचे कारखाने आले, आणि त्यातले कितीतरी आज वऱ्हाडभर बंद पडून आहेत. उंच छत, जाड भिंती, वस्तीपासून थोडे अंतर: ढोल-ताशा, गिटार, खंजिरी, काहीही मनसोक्त वाजवायला याहून चांगली जागा कुठली?

गळा आणि ताल आपल्याकडे आहेतच. दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यातच, मामाकडे गाडगेबाबा वाढले. त्यांच्या कीर्तनाला गावेच्या गावे लोटत. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले आणि खंजिरीवर तीन हजारांहून अधिक भजने रचली. ती खंजिरी १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत गेली. आजही गावोगावचे भजनी मंडळ कुणी न शिकवता दुसऱ्या पिढीला ताल देते. लग्नसराईत बँडपार्टीतला पोरगा ट्रम्पेटवर सिनेमाचे नवे गाणे दोन दिवसांत बसवतो. पण सराई संपली की ट्रम्पेट पेटीत जाते. त्याने स्वतःची चाल बांधावी, असे त्याला आजवर कुणी म्हटलेलेच नसते.

मूर्तिजापूरच्या नगर परिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात एका संगीतशिक्षकाचा पगार, एका बंद जिनिंगचे भाडे आणि वर्षातून एक स्पर्धा एवढी तरतूद करावी. स्पर्धेला अट एकच असावी: गाणे नवे आणि स्वतःचे हवे.